कडबाकुट्टीत न गेलेला हात

आमच्या घरी म्हैस नाही. शेळीसुद्धा नाही. बदनापुरात पुढं यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान अन् मागं आमच्या दोन खोल्या, त्यात जनावर बांधायचं कुठं? तरी माझ्या दवाखान्याच्या कागदावर शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे की या बाईचा उजवा हात घरच्या कडबाकुट्टी यंत्रात गेला. ज्या घरात कडब्याची एक पेंढी कधी आली नाही त्या घरातलं हे यंत्र कुणी पाहिलं असेल तर मला जरूर कळवा.

आज यावर मला हसू येतं. त्या वेळी येत नव्हतं. हात कशात गेला हे खरं सांगायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि तेही माझ्या एकटीच्या हिमतीवर झालं नाही. शमीम बाजी नावाची एक बाई माझ्यासमोर बसून काम करायची, तिच्यामुळं झालं. तिच्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं. शिवाय आमच्या भागातून रोज कितीतरी बायामाणसं टेम्पोनं, मोटारसायकलनं जालन्याच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यातल्या कुणाला कधी असं झालंच, तर माझं वाचून थोडं शहाणपण आधीच यावं.

अक्षराला मात्र हसू नका. मधलं बोट अर्धं आहे, शेजारचं वाकत नाही. पेन अंगठा आणि तर्जनीत धरून लिहितेय.

कूस

बियाण्याच्या कारखान्यात आमचं काम निवडायचं. रबरी पट्टा सरकत राहतो, त्याच्यावरून बाजरीचं बी जातं, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यातले खडे, काडी, फुटका दाणा वेचतात. काम अवघड नाही, पण बाजरीची कूस म्हणजे काय ते ज्यांनी रास केली त्यांनाच ठाऊक. बाहीत शिरली की कोपरापर्यंत आग आग होते, घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी खाज जात नाही. म्हणून आम्ही सगळ्या साडीवर नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचो.

त्यावर डोकं चालवलं मी. जुन्या साडीची चिंधी फाडायची, शर्टाच्या मनगटावर तीन वेढे द्यायचे आणि दातानं गाठ मारायची. कूस आत जायची सोयच नाही. महिन्याभरात सगळ्या ओळीच्या बायांच्या मनगटावर माझी चिंधी आली. नवी बाई आली की सुपरवायझर तिला माझ्याकडं पाठवायचा, "लताबाईकडून बांधून घ्या." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी जरा मिरवायचेसुद्धा.

पट्ट्याच्या टोकाला एक लोखंडी रूळ फिरतो. त्याच्याखाली बी सांडायचं, ढीग झाला की पट्टा घासायचा, मग तो ढीग हातानं ओढून काढायचा. पट्टा बंद करून काढावा हे सगळ्यांना माहीत होतं. पण बंद केला की मागं भरणारे थांबतात, पुढं पोती शिवणारे थांबतात, आणि काचेच्या खोलीतून सुपरवायझर हात हलवायला लागतो. म्हणून चालू पट्ट्याखालीच हात घालायची पद्धत पडून गेल्ती. मी तीन वर्षं तसंच केलं होतं. त्या दिवशी सकाळी टेम्पो चुकायला आला होता, मी धावत आले, चिंधी घाईत बांधली आणि तिचं एक टोक लांब राहिलं.

ते टोक रुळानं धरलं. मग बाही, मग बोटं.

दुखलं असं मी म्हणणार नाही. आधी फक्त ओढ जाणवली, कुणीतरी हाताला धरून घराबाहेर काढावं तशी. शेजारच्या दोघी मला कमरेला धरून मागं खेचायला लागल्या. आणि तेवढ्यात समोरून शमीम बाजीचा आवाज आला, "खेचू नका. कोई खेचू नका." ती स्वतः माझ्याकडं आली नाही. पाठ फिरवून भिंतीकडं पळाली. मला वाटलं ही घाबरून पळाली. ती बटणाकडं गेल्ती. पट्टा थांबला तेव्हा ती परत आली, शिवणाऱ्याच्या हातातली कैची घेतली, माझी बाही खांद्यापर्यंत चिरली, आणि मशीनवाल्याला म्हणाली, "पट्टा ढिला कर, बराबर ढिला कर, मंग रूळ उल्टा फिरव. जल्दी न्हाई करायची."

पुढं खरं कळल्यावर डॉक्टर म्हणाले, ओढून काढला असता तर हाताचं कातडं तिथंच राहिलं असतं. पन्नाशीची बाई, शाळेत दोन वर्षं गेलेली. दहा जणी ओरडत असताना तिला आधी भिंतीकडं जायचं सुचलं. मी दहावी पास आहे, पण तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा खेचलंच असतं, याची मला खात्री आहे.

तेव्हा मी मान हलवली

मला दवाखान्यात नेलं ते आमचा ठेकेदार भानुदास यानं. भानुदास माझ्या माहेरचा, केदारखेड्याचा. सख्खा नाही, पण एका गावचा म्हणून भाऊच. यांना कावीळ झाली आणि दुकान दोन महिने बंद होतं तेव्हा यानंच मला कामाला लावलं. दिवाळीला साडी घेऊन यायचा. त्या दिवशी त्यानं मला दोन्ही हातांवर उचलून टेम्पोत ठेवलं, त्याचा पांढरा सदरा सगळा लाल झाला. तो वाटेत रडत होता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही त्याला वाईट समजाल. तो वाईट नाही, तो भित्रा आहे.

अपघात विभागात एका सिस्टरनं माझा हात धुतला. हात सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तिनं छोटी पक्कड घेतली, आणि माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणाली, "ताई, बांगड्या वाढवते हं." फोडते नाही म्हणाली. तेवढ्या गर्दीत, रक्तात, कुणी ओरडत असताना त्या पोरीला तो शब्द सुचला. मी तोवर रडले नव्हते, तेव्हा रडले.

मग डॉक्टर आले. "कसं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत भानुदास बोलला, "घरी कडबाकुट्टीत हात गेला साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "असंच झालं ना, बाई?"

भानुदास माझ्या उशाशी उभा होता. त्यानं आमच्यातल्या एकीचंही विम्याचं कार्ड काढलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा माझ्या गावचा माणूस आहे, याच्या सदऱ्यावर माझं रक्त आहे, आणि चिंधी तर माझीच होती. आपल्याच अकलेनं आपला हात गेला, आता दुसऱ्याला कशाला गोत्यात आणायचं? मी मान हलवली. संमतीच्या कागदावर सही करता येईना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताचा अंगठा उठवला. पोलीस चौकीचा माणूस आला, त्यालाही तेच सांगितलं. कडबाकुट्टी.

आमचे हे आले तेव्हा ऑपरेशन चालू होतं. यांचं सगळं आयुष्य मोटारी, पुली आणि पट्टे दुरुस्त करण्यात गेलेलं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना यांनी जखम पाहिली आणि भानुदासला बाजूला घेऊन विचारलं, "कुट्टी कापती. हे कापलेलं न्हाई, हे पट्ट्यात चिरडलेलं हाय. खरं काय?" भानुदासनं खरं सांगितलं, आणि यांचे पाय धरले. मग हेही गप्प बसले.

दहा वाजता

दवाखान्यात मी सतरा दिवस होते. सगळा दिवस दहा वाजण्याभोवती फिरायचा, कारण दहाला ड्रेसिंग. आठ वाजल्यापासून मी घड्याळाकडं बघायला लागायचे. नऊला आलेला चहा तसाच गार व्हायचा. ट्रॉलीचं एक चाक करकरायचं, ते लांबून ऐकू यायला लागलं की मी भिंतीकडं तोंड करायचे. बांगड्या वाढवणारी सिस्टर असली तर ती पट्टी आधी पाण्यानं चांगली भिजवायची, मग हळू सोडवायची. दुसरी एक होती, ती वर ओढायची. कुणाची पाळी आहे हे मी सकाळीच झाडूवालीला विचारून ठेवायचे.

मधलं बोट अर्धं काढावं लागलं हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर सगळे म्हणत होते, "होईल नीट." पट्टी सुटली आणि मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. माणूस किती वेडा असतो, मला वाटलं पट्टीत राहिलं असेल. मी सिस्टरला म्हणाले, "नीट बघा ना." ती बिचारी खरंच पट्टी उलटून पाहायला लागली, माझं मन राखायला.

घरी आल्यावर भीती वेगळीच. विळीची भीती, दाराच्या फटीची भीती, यांच्या दुकानात मोटार सुरू झाली की मी मागच्या खोलीत कान झाकून बसायचे. आणि चिडचिड. पोळी करता येईना, साडी नेसता येईना, परकराची नाडी बांधता येईना. हक्काचा माणूस असला तरी रोज नाडी बांधून घेताना जीव मेल्यासारखा होतो. हे माझी वेणी घालायचे. तांब्याची तार गुंडाळायचा हात तो, अशी घट्ट घालायचे की डोळे वर ओढले जायचे. मी म्हणायचे, "अहो, मोटार भरून राह्यले का तुम्ही?" हे म्हणायचे, "ढिली ठेवली तर जळती." मग आम्ही दोघंही हसायचो. तेवढं एक हसू दिवसातून व्हायचं.

बाकी वेळ आमचं बोलणं बंद पडत चाललं होतं. ज्या गोष्टीबद्दल दोघांनाही माहीत आहे आणि दोघंही गप्प आहेत, ती घरात तिसऱ्या माणसासारखी वावरते. एक दिवस मी म्हणाले, "आपण खरं सांगायला पाह्यजे होतं का?" हे जेवत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, "भानुदास तुझ्या माहेरचा. उद्या केदारखेड्यात कोणत्या तोंडानं जाशील? अन् चिंधी कोणाची होती?" यांना मला टोचायचं नव्हतं, पण टोचलं. त्यानंतर दोन दिवस मी वेणी घालू दिली नाही.

वाटीभर डाळ

शमीम बाजी बदनापुरातच राहते, आमच्यापासून तीन गल्ल्या. दर शुक्रवारी तिची सुट्टी. पहिल्या शुक्रवारी ती आली ती एक पितळी वाटी घेऊन. वाटीत तूरडाळ, मूगडाळ आणि उडीद एकत्र केलेले. माझ्यासमोर ओतली आणि म्हणाली, "निवड. सीधा हातानं."

मी म्हणाले, "बाजी, माझा हात उचलत न्हाई."

"मशीनच्या डॉक्टरनं गेंद दाबायला दिली न्हाई का तुला? दाबती का?"

दाबत नव्हते. दुखायचं, म्हणून फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेला तो चेंडू मी गादीखाली टाकून दिला होता.

"ते गेंद-बिंद तुला जमायचं न्हाई. तू निवडणारी बाई. निवड."

एक दाणा उचलायला मला पहिल्या दिवशी इतका वेळ लागला की तिचा चहा पिऊन झाला. ती मदत करत नव्हती, घाईही करत नव्हती. मी दाणा खाली टाकला की ती दुसरीकडं पाहायची. असे अकरा शुक्रवार ती आली. आठवडाभर कामावर राबून, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरचा पसारा सोडून ती माझ्यासमोर बसायची, आणि कधी एकदा म्हणाली नाही की मी तुझ्यासाठी येते. मी विचारलं तर म्हणायची, "तुमच्याकडचा चहा बरा असतो." आमचा चहा बरा नसतो. हे करायचे तो.

आठव्या का नवव्या शुक्रवारी तिनं बातमी आणली. माझ्या जागेवर नवी बाई बसवली. वीस-बावीस वर्षांची, अंगावरचं लेकरू घरी ठेवून येते. रुळाला जाळी लावलेली नाही. सगळ्याजणी अजून चिंधी बांधतात आणि त्या नव्या बाईलाही बांधायला शिकवलंय.

"सांग ना तिला, काढ म्हणावं," मी म्हणाले.

"सांगितलं. ती म्हणती कूस शिरती. पट्टा चालू असतानाच हात घालती." बाजी थोडा वेळ डाळ चाळवत बसली. "कागदावर तुझा हात कुट्टीत गेला, लता. कारखान्यात काय झालंच न्हाई. मंग ते जाळी कशाला लावतील?"

त्या पोरीचा हात मला दिसायला लागला. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माझ्या खोट्यामुळं माझंच नुकसान झालं असतं तर मी सोसलं असतं. पण आता माझी मान हलली होती आणि त्या पोरीचा हात रुळाखाली होता, असं ते होतं.

वकीलताई

जिल्ह्याच्या कोर्टात बायांना फुकट वकील मिळण्याची एक खोली असते, हे मला माहीत नव्हतं. बाजीला माहीत होतं, तिच्या नणंदेच्या कामासाठी ती कधी काळी गेल्ती. यांना न सांगता आम्ही दोघी गेलो. बसलेली वकीलताई माझ्या भाचीच्या वयाची. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी मान खाली घालून चिंधीचं सांगितलं. "चूक माझीच हाय ताई, पण."

ती म्हणाली, "मावशी, कामावर असताना, कामामुळं लागलं का?"

"हो."

"दारू पिऊन होतात का?"

बाजी इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला.

वकीलताईनं मग शांतपणे समजावलं. कामावर असताना कामगाराला लागलं तर थोडी चूक त्याची आहे म्हणून त्याचा हक्क जात नाही. नशेत असेल, किंवा सुरक्षेसाठी केलेला नियम मुद्दाम मोडला असेल, लावलेली जाळी मुद्दाम काढली असेल, तर गोष्ट वेगळी. आणि ठेकेदारानं लावलेली बाई असली तरी ज्या कारखान्यात ती काम करत होती त्याला हात झटकता येत नाहीत. अर्ज करायला मुदत असते, ती जाऊ द्यायची नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस मी माझ्या चिंधीला फाशी देत होते, आणि कायद्याला त्या चिंधीचं एवढं कौतुकच नव्हतं.

"अडचण कडबाकुट्टीची आहे," ती म्हणाली. "हा कागद खोडता येत नाही. याच्यासमोर दुसरं खरं ठेवावं लागेल. त्या दिवशीची हजेरी मागवू, डॉक्टरांना जखम कशाची ते विचारू. पण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पाहिजे. कारखान्यातलं कुणी कोर्टात उभं राहील का?"

मी मनातल्या मनात अकरा बाया मोजल्या. एकीचा नवरा गेलेला, एकीची पोरगी लग्नाची. कुणाला म्हणू?

"मी हाय की," शमीम बाजी म्हणाली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली आणि झाकण लावलं.

घरी येऊन यांना सांगितलं. हे ऐकून उठले. मग दुकानात गेले, एक मोटार उघडून बसले. संध्याकाळी म्हणाले, "बाजीला कामावरून काढतील, हे तुला समजतं ना? तिची तयारी असंल तर मी कोण नको म्हणणारा." दुसऱ्या दिवशी स्वतः केदारखेड्याला गेले आणि माझ्या सख्ख्या भावाला सगळं खरं सांगून आले. भाऊ चिडला. सहा महिने त्यानं मला फोन केला नाही. पण यांनी ते तोंड माझ्याऐवजी दाखवलं, हे मी विसरणार नाही.

साक्ष

कोर्टाच्या तारखा कशा पडतात ते लिहीत बसत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. बाजीच्या साक्षीचा दिवस सांगते.

कारखान्याचे वकील वयस्क, बोलायला गोड. त्यांनी बाजीला बसायला खुर्चीसुद्धा मागवली. मग विचारलं, "तुम्ही दोघी मैत्रिणी?"

"जी."

"मैत्रिणीसाठी माणूस चार गोष्टी वाढवून सांगतो."

"सांगतो. मी न्हाई सांगत."

"मनगटाला चिंधी बांधायची युक्ती कोणाची?"

बाजीनं माझ्याकडं पाहिलं. ती सहज म्हणू शकली असती, माहीत नाही, सगळ्याच बांधायच्या. मी डोळ्यांनी तिला तेच विनवत होते.

"हिची," ती म्हणाली. "लताची. तिनंच आम्हाला शिकवलं."

वकिलांनी कोर्टाकडं वळून हसून मान डोलावली. बाजीचं संपलं नव्हतं. "नव्या बाया आल्या का सुपरवायझर त्यांना हिच्याकडं धाडत होता, बांधून घ्या म्हणून. बांधू नका असं आम्हाला कोणी एक दिवस म्हणलं न्हाई. पट्टा बंद करून साफ करा असंबी कोणी म्हणलं न्हाई. बंद केला तर वरडत होते. तिथं जाळी नव्हती. आजबी न्हाई. आज सकाळी मी तिथूनच आले."

टाइप करणाऱ्या बाईनं मान वर केली. मला एवढ्या जोरात रडू आलं की वकीलताईनं मला बाहेर नेलं. मला वाटत होतं चिंधीचं खरं निघालं की मी संपले. ते तिच्याच तोंडून निघालं, आणि त्याच्याच मागून बाकीचं सगळं खरं उभं राहिलं. तिनं माझ्यासाठी एक शब्द झाकला असता तर पुढच्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवला नसता. एवढी अक्कल मला नव्हती, मी तर डोळ्यांनी खोटं मागत होते.

भानुदासला बोलावलं तेव्हा त्यानं फार वेळ लावला नाही. "कुट्टी मीच म्हणलो," एवढं बोलून तो रडायला लागला.

पुढं निकालाआधीच कारखान्यानं मान्य केलं आणि मला भरपाई मिळाली. किती ते बाया विचारतात, मी सांगत नाही. त्याच्या आधीच, साक्षीच्या दुसऱ्या आठवड्यात, रुळाला लोखंडी जाळी बसली. पट्ट्याच्या कडेनं एक दोरीसुद्धा लावली आहे, कुठूनही ओढली की पट्टा थांबतो. ती नवी बाई दहा बोटांनी काम करते. चिंधी बंद झाली, आता मनगटाला रबर लावलेले हातमोजे मिळतात. कूस थोडी शिरतेच म्हणतात.

भानुदास मला मागं बदनापूरच्या स्टेशनवर दिसला. मला वाटलं मान वळवून जाईल. जवळ येऊन म्हणाला, "ताई, थंडीत बोट ठणकतं का?" मी म्हणाले, "ठणकतं." तेवढ्यात त्याची गाडी आली.

बाजी म्हणाली ते

शमीम बाजीला साक्षीच्या दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. टेम्पो तिच्या गल्लीपाशी थांबलाच नाही. पाच महिने ती घरी फॉल-बीडिंग करत होती, आणि मी तोंड चोरत होते. नवा हंगाम आला, बी निवडायला तिच्याइतका भरभर हात मिळेना, तेव्हा तिला परत बोलावलं. मग कुठं माझी तिच्याकडं जायची हिंमत झाली.

ती दारात बसून मेथी निवडत होती. मीही बसले आणि एक जुडी ओढून घेतली. म्हणाले, "बाजी, तुझे उपकार मी या जन्मात फेडू शकत न्हाई. माझ्यासाठी तू पाच महिने घरी बसली."

ती चिडली. तिला मी पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. "तुझ्यासाठी कोण बसलं? तुला काय वाटून राह्यलं, मी फार मोठी बाई हाय?"

मी जुडीची गाठ सोडायला लागले.

"त्या दिवशी दवाखान्यात मीबी होते," ती म्हणाली. "तुझ्या पायाकडं उभी होते. टेम्पोत मागं बसून आल्ते. भानुदास कुट्टी म्हणला, ते मी ह्या कानांनी ऐकलं. डॉक्टरनं तुला विचारलं अन् तू मान हलवली. अन् मी चप्पल घातली अन् घरी आले." हातातली काडी तिनं मोडली. "तू तकलीफमध्ये होतीस लता. तुला काय समजत होतं? मी तर होशात होते. तेव्हा एक लफ्ज बोलले असते तर तुझं एवढं झालंच नसतं. ते सगळे शुक्रवार मी त्याच्यासाठीच येत होते. दर वेळी वाटायचं आज सांगू, आज सांगू."

माझ्या मनात ती होती त्याच्यापेक्षा मोठीच झाली, एवढं खरं. मी तिच्या हाताला हात लावला, तिनं तो काढून घेतला नाही, आणि आम्ही राहिलेली मेथी निवडली.

म्हणून ज्याला लागलंय त्याला मी फार काही सांगत नाही. पट्टा बंद करा, ओढणी-चिंधी सांभाळा, खरं सांगा, हे सगळे सांगतात, मीही सांगते. पण मशीनमधून काढलेलं माणूस, गाडीखालून काढलेलं माणूस, त्या वेळी कशालाही मान हलवतं. मला तुमच्याशी बोलायचंय, जे त्याला उचलून आणता आणि पायाकडं उभे राहता. डॉक्टर विचारतील, कसं झालं. तुम्ही होशात असाल. चप्पल घालायच्या आधी सांगा.